बोरसळची पाहणी

“ही पाहनी पाह्यजे होती,” असं म्हणून त्या माणसाने आमच्याच पेपराचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि तळहाताने सपाट केलं.

कात्रणातल्या एका वाक्याखाली निळ्या शाईची रेघ होती. ‘एका पाहणीनुसार बोरसळ येथील दर तीन माणसांमागे एकाला मूत्रपिंडाचा विकार जडला आहे.’

“कुठली पाहणी?” मी विचारलं.

“हे काय, लिहेल हाय ना. एका पाहनीनुसार. तीच एक पाहनी. झेरॉक्स असली तरी चालते.”

मला हसू येत होतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते आवरलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पांढरा सदरा, पायात धुळीने माखलेल्या चपला. एसटीने आलेला आणि स्टँडपासून चालत आलेला दिसत होता. मी त्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्याने ग्लास एका दमात संपवला आणि म्हणाला, “गोड हाय.” आमच्या भागात गोड पाणी म्हणजे साखरेचं नव्हे. जे खारट नाही, ते गोड.

त्याचं नाव दिगांबर बोचे. बोरसळचा उपसरपंच. पूर्णेच्या अंगाला जो खारपाणपट्टा आहे, त्यातलं हे गाव. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं खारट की डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो. तेच पाणी पिढ्यानपिढ्या लोक पितात, आणि बऱ्याच गावांत किडनीने माणसं जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती जातात, ते कोणालाच ठाऊक नसतं.

धरणाचं पाणी पाइपाने आणायची योजना मंजूर होत होती. सगळी गावं एकदम होणार नव्हती. ज्या गावात आजार जास्त, ती पहिल्या टप्प्यात. ग्रामपंचायतीने अर्जाला आमच्या बातमीचं कात्रण जोडलं होतं. ते कागद परत आले होते आणि वर पाणीपुरवठा खात्याच्या साहेबाने शेरा मारला होता: आकड्याचा आधार जोडावा.

“पुढल्या बुधवारपावतर नाई जोडला, तं दुसरा टप्पा,” दिगांबर म्हणाला. “अन् दुसरा टप्पा म्हंजे कवा, ते कोनालेच मालूम नाई. तुमी छापलं तं तुमच्यापाशी आसंल ना?”

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते, प्रभा ताथोड. आणि गंमत अशी की नेमक्या त्याच आठवड्यात मी आकड्यांचे नियम लिहायला बसले होते. त्याला कारण घडलं होतं. एकाच दिवशी आमच्या पहिल्या पानावर शहराची लोकसंख्या चार लाख छापून आली आणि पाचव्या पानावर तीन लाख साठ हजार. एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवलं की उरलेले चाळीस हजार उद्याच्या अंकात कोणत्या पानावर येतील ते कळवावं. आमचे संपादक मोहोड साहेब ते कार्ड घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “ताथोड, आकडा कसा छापायचा याचं एक पान कर. एकच पान. दुसरं कोणी वाचणार नाही.”

तेव्हापासून डेस्कवर माझं नाव आकडेबाई पडलं होतं. कोणी चहा मागवला की विचारायचे, आकडेबाई, तीन कप म्हणजे कोणाच्या मते तीन? मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. माझ्या पानावर तोवर एवढंच लिहून झालं होतं: कोणी मोजलं, कधी मोजलं, कोणाला मोजलं.

मी कात्रण घेऊन पुंडकरांच्या टेबलाशी गेले. पुंडकर आमचे मुख्य उपसंपादक, पंचवीस वर्षं डेस्कवर काढलेले, मनाने अतिशय सज्जन. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

“ही बातमी मीच लावली होती. आपल्या तालुका प्रतिनिधीची. सुखदेव खंडारेची.”

“पाहणी कोणाची होती?”

“पाहणी मी टाकली.”

“म्हणजे?”

“त्याने नुसतं लिहिलं होतं, दर तिघांमागे एक. आकडा असा उघडा बरा दिसत नाही, ताथोडबाई. अंगावर काहीतरी घालावं लागतं. ‘एका पाहणीनुसार’ घातलं की वाक्य बसतं.”

ते हे इतक्या सहज म्हणाले की मला रागही नीट आला नाही. आमच्याकडे सगळेच हे करत. आकड्याच्या मागे कोणी उभं नसलं की डेस्क एक पाहणी उभी करायचा, जसं फोटोत जागा रिकामी दिसली की कोणालातरी बाजूला उभं करतात.

सुखदेव खंडारेला फोन लावला. त्याचं सिमेंटचं दुकान होतं, बातमीदारी जोडधंदा.

“शिबिर झालतं ना मॅडम, आरोग्याचं. शाळेत. मी होतो तिथं. साठेक लोक आले, डाक्टरनं रक्त तपासलं, वीस जनायचं बिघडेल निंघालं. मंग झाला ना तिनामागं एक.”

“शिबिराला कोण आले होते?”

“ज्याले तरास होता ते आले. चांगला मानूस कायले सुई टोचून घेईन?”

मी फोन ठेवला. आजारी वाटणाऱ्या साठांमध्ये वीस आजारी निघाले होते. त्याचं आमच्या पानावर अख्ख्या गावाचं एक तृतीयांश झालं होतं. सहाशेच्या गावात दोनशे.

दिगांबर खुर्चीवर तसाच ताठ बसून होता. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. त्याने फक्त विचारलं, “म्हंजे पाहनी नाई?”

“नाही.”

“मंग साहेबाले मी काय देऊ?”

त्याला घेऊन मी मोहोड साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हते ते. पाण्यासाठी त्यांनी आयुष्यभर अग्रलेख लिहिले होते आणि बहुतेक वाया गेले होते. त्यांनी आमच्या पेपराचं नाव छापलेला कोरा कागद पुढे ओढला.

“हे बघ, पत्र देऊ. आमच्या प्रतिनिधीने बोरसळ येथे प्रत्यक्ष पाहणी केली असता वगैरे वगैरे. गावाला पाणी मिळत असेल तर एका पत्राने कोणाचं काय बिघडतं?”

“सही कोणाची?” मी विचारलं.

“तुझी. आकड्यांचं तूच बघतेस.”

“मी नाही करणार, साहेब.”

मग दिगांबर माझ्याकडे वळला. आवाज चढला नव्हता, पण तो चिडला होता.

“बाई, तुमाले काय लागते? एक सही. तुमच्या पेपरानं लिवलं तवापासून गावाचं नाव खराब झालं, ते झालं. बोरसळची पोरगी म्हतलं की लोक रस्ता बदलतात. आता त्याच्यावर पानी तरी येऊ द्या.”

मी म्हणाले, “आणि त्यांनी डॉक्टर पाठवला, आणि तिघांमागे एक सापडला नाही तर? मग गावाचं कोणी काहीच खरं मानणार नाही. ना पहिल्या टप्प्यात, ना दुसऱ्या.”

“मंग करता काय?”

“मोजू. घरोघरी जाऊन, खरं खरं.”

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, “रविवारी जा. सोमवारी आकडा टेबलावर आला तर आपली पाहणी म्हणून छापतो. नाही आला तर हे पत्र जाईल, माझ्या सहीने. मला त्या गावाला पाणी मिळालेलं बघायचंय, प्रभा.”

रविवारी सकाळच्या एसटीने मी बोरसळला उतरले. दिगांबर फाट्यावर उभा होता. रस्त्यात मी त्याला प्रश्न समजावून सांगितले. घरात माणसं किती. त्यातल्या कोणाला डॉक्टरने किडनीचं सांगितलंय का. गेल्या पाच वर्षांत घरातलं कोणी किडनीने गेलं का.

“घरातलं म्हंजे कोन?” त्याने विचारलं. “लगन झालेल्या पोरी धरता का?”

“नाही. जो त्या चुलीवर जेवतो, तो त्या घरचा.”

त्याने मान डोलवली. “बेस हाय,” म्हणाला.

पहिल्या घरी म्हातारीने आम्हाला बाजेवर बसवलं, कोपऱ्यातल्या वेगळ्या माठातलं पाणी दिलं. त्या गावात प्रत्येक घरी एक माठ गोड्या पाण्याचा असे. ते सायकलवर दोन कोसांवरून आणत आणि पाहुण्यांसाठी ठेवत. घरची माणसं रांजणातलं खारं पीत. सात माणसं, आजारी कोणी नाही, गेलं कोणी नाही. दुसऱ्या घरी पाच माणसं, कोणी नाही. तिसऱ्या घरी कोणी नाही. चौथ्या घरात एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. मी सुनेला विचारलं, यांना काय झालंय?

“वय झालं,” ती म्हणाली.

“डॉक्टरने काय सांगितलं?”

“वय झालं म्हने.”

अशी आम्ही उन्हात घरामागून घरं केली. प्रत्येक घरी पाहुण्याच्या माठातलं पाणी मिळालं आणि प्रत्येक घरी गाव ठणठणीत निघालं. एका दारात एक तरुण बाई मात्र आत बोलावायलाच तयार नव्हती. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “लिहून नेसान अन् पुन्हा पेपरात देसान. मंग माह्या ननदीले कोन करीन? दोन सोयरिकी आल्या अन् गावाचं नाव आयकून वापस गेल्या.”

“तुमचं नाव छापणार नाही,” मी म्हणाले. “नुसता आकडा.”

“मांगच्या वक्ती तरी नाव कुठं छापलं होतं?”

मी पाठ फिरवली. ती बरोबर बोलत होती. आम्ही छापलेल्या खोट्या आकड्याने खऱ्या आकड्याची वाट बंद केली होती. दुपारपर्यंत निम्मं गाव झालं आणि माझ्याकडे दोन आजारी जमले. त्यातला एक दारू पिणारा होता आणि त्याला लपवायचं असं काही उरलं नव्हतं.

दिगांबर चालता चालता गावकऱ्यांना शिव्या घालत होता. “सारे लपवून राह्यले साले. यायले पानी पाह्यजे, पन सांगाले नको. तुमी म्हनत होत्या मोजू. आता दोन लोकायवर देईन का सरकार पानी? त्याच्यापरीस थे पत्र बरं होतं.”

मलाही तसंच वाटायला लागलं होतं, हे कबूल करते. पाय दुखत होते, आणि उद्या ते पत्र जाईल आणि कदाचित चालूनही जाईल, असं मनात येत होतं.

जेवायला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको वच्छलाबाई, बुटकी, मोठ्या कुंकवाची, कमी बोलणारी. भाकरी, पिठलं, ठेचा. जेवण झालं आणि माझ्या लक्षात आलं की हे घर मोजायचं राहिलंय. मी पेन काढलं.

“लिहा,” दिगांबर म्हणाला. “मी, घरवाली, माय अन् पोरगी. चार जन. निरंक.”

मी लिहायला लागले.

“पाच,” वच्छलाबाई म्हणाली. ती चुलीपाशी पाठमोरी होती.

“विलास नागपूरले असते,” दिगांबर मला म्हणाला. “मामापाशी. कामाले. चुलीवर जेवते तो घरचा, असंच म्हतलं ना तुमी?”

“कामाले गेला काय तो?” वच्छलाबाई म्हणाली.

तिने ताट उचललं आणि ती मोरीकडे गेली. पडद्याआडून त्यांची मुलगी बघत होती. अठरा-एकोणीस वर्षांची. मला नंतर कळलं की तिचं लग्न ठरलं होतं आणि महिन्याभरात अक्षता पडायच्या होत्या.

मी पेन बंद केलं. हे मी लिहू शकत नव्हते आणि न लिहिता उठूही शकत नव्हते. सकाळपासून ज्याने माझ्याबरोबर प्रत्येक दारात उभं राहून लोकांना खोटारडे म्हटलं, त्याच्याच घरात हे होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. माझा भाऊ असता तर मी काय सांगितलं असतं, हेच डोक्यात घोळत राहिलं.

दिगांबर उठला, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला. मला वाटलं संपलं. एसटीला अजून वेळ होता. मी ओट्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने मारुतीच्या देवळावरचा कर्णा खरखरला. ग्रामसभेची दवंडी आता त्यावरूनच देत. आधी कोणीतरी खाकरल्याचा आवाज आला.

“आयका. मी दिगांबर बोचे बोलून राह्यलो. थे पेपरवाली बाई सकायपासून घरोघरी फिरून राह्यली, अन् आपून सारे तिले खोटं सांगून राह्यलो. मीबी. तं माह्यापासून लिहा. माहा पोरगा विलास, वय चोवीस. त्याच्या दोनी किडन्या गेल्या. नागपूरले कामाले नाई गेला तो, मशीनवर हाय. हप्त्यातून दोनदा.” मध्ये बराच वेळ नुसती खरखर. “माह्या पोरीच्या सोयऱ्यायले समजलं तं समजू द्या. ज्याले पाह्यजे त्यानं देवळापाशी येऊन सांगावं. ज्याले नाई सांगायचं त्यानं नाई सांगायचं, पन मंग मले पान्याचं इचारू नोका.”

कर्णा बंद झाला. वच्छलाबाई दारात उभी होती. ती घरात गेली, मुलीला जवळ घेतलं आणि दार लोटून घेतलं.

मी देवळाच्या ओट्यावर जाऊन बसले. बराच वेळ कोणी आलं नाही. दिगांबर पायरीवर, माझ्याकडे पाठ करून. मग ती चौथ्या घरची सून आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सासऱ्याचं लिहून घ्या.” मागोमाग दोन बाया आल्या. मग एक तरुण आला आणि स्वतःचंच सांगून गेला. गेलेल्यांबद्दल लोक लवकर बोलले. त्यांची कोणाशी सोयरीक व्हायची नव्हती. जिवंत माणसाचं सांगताना मात्र प्रत्येकजण आधी मागे वळून कोण ऐकतंय ते बघे. सकाळच्या उंबऱ्यातली ती बाई आली नाही. मी तिच्याकडे गेलेही नाही.

उरलेली घरं आम्ही नंतर दारोदार फिरून केली. उन्हं उतरली तेव्हा माझ्याकडे आकडा होता. चौदा आजारी. पाच वर्षांत गेलेले बावीस. आणि अकरा घरं, ज्यांनी सांगायला नकार दिला.

सोमवारी मोहोड साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. “दोनशेवरून आपण चौदावर आलो,” ते म्हणाले.

“दोनशे कधी नव्हतेच.”

“आणि ही अकरा घरं कशाला छापायची? नकार दिला म्हणजे काहीच नाही सांगितलं.”

“नाही सांगितलं, हेच त्यांनी सांगितलं. ते नाही छापलं तर वाचणाऱ्याला वाटेल तिथे कोणी आजारी नाही.”

पुंडकर शेजारीच उभे होते. “सुमारे पंधरा म्हणू या का? चौदा फार हिशेबी वाटतं,” ते म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनीच हात वर केले.

बातमी दुसऱ्या दिवशी आली. खाली एक चौकट, आमच्या पेपरात तशी पहिलीच. ही मोजणी कोणी केली, कोणत्या तारखेला, किती घरांत, काय विचारलं, किती घरांनी उत्तर दिलं नाही. उपचारासाठी बाहेरगावी राहणारे धरले आहेत. आणि शेवटी: यापूर्वी याच दैनिकात प्रसिद्ध झालेल्या ‘दर तीन माणसांमागे एक’ या आकड्यामागे कोणतीही पाहणी नव्हती. हे शेवटचं वाक्य साहेबांनी आधी खोडलं होतं. मग संध्याकाळी परत लिहिलं, स्वतःच्या हाताने. ते पत्र त्यांनी माझ्यासमोर फाडून टोपलीत टाकलं.

बुधवारी दिगांबरने कागद जोडून दिला. महिन्याभरात सरकारी डॉक्टर बोरसळला गेले, त्यांनी घरोघर रक्त घेतलं, आणि त्यांना आमच्यापेक्षा जास्त सापडले. त्या अकरा घरांत सहा होते. बोरसळ पहिल्या टप्प्यात आलं. दिगांबरच्या मुलीचं लग्न मोडलं. बातमी छापून यायच्या आधीच मोडलं होतं. कर्ण्याचा आवाज शेजारच्या गावापर्यंत जातो.

माझं पान तयार झालं. साहेबांना हवं होतं तसं एकच. आकडा कोणाचा, कधीचा, कोणाला विचारून आणि किती जणांनी सांगितलं नाही. ते डेस्कच्या भिंतीवर चिकटवलं. लोकांनी थोडे दिवस चेष्टा केली, मग सवय झाली. पुंडकर निवृत्त होईपर्यंत ‘एका पाहणीनुसार’ लिहून आलं की स्वतःच खोडायचे आणि बातमीदाराला फोन लावायचे.

पुढच्या पावसाळ्यानंतर एका दुपारी दिगांबर पुन्हा ऑफिसात आला. मी मान वर केली आणि आधी त्याच्या डोक्याकडे नजर गेली. मुंडण करून फार दिवस झाले नव्हते, केस नुकते उगवत होते. मी उठून उभी राहिले. मी त्याला खुर्ची दिली.

“विलास?” मी विचारलं.

“बारा-तेरा दिस झाले.” त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. “नाली खोदत आलेत. खालच्या गावापावतर पाइप पडला. दिवाईनंतर आपल्या गावात पानी येईन म्हनतात.”

मी चहा मागवला. मग सदऱ्याच्या खिशातून त्याने ते कात्रण काढलं, चौकटीचं. घड्यांवर पार झिजलं होतं.

“एक काम होतं, बाई. हा आकडा बदलाले पाह्यजे.”

“कोणता?”

“हा. आजारी चौदा लिहेल हाय, थे तेरा करा. अन् गेलेले बावीस हाय, थे तेवीस.” त्याने बोट ठेवून दाखवलं. “तुमी खरा आकडा छापता, म्हनून आलो. घरवालीनं धाडलं. थे म्हने, पोराचं चुकीचं राहू नये.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. डोळे पुसून मी त्याला समजावून सांगायला लागले. आमच्या पानावरचा नियमच सांगितला, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. की आकडा ज्या दिवशी मोजला त्या दिवसाचा असतो. नंतर काय झालं ते नव्या मोजणीत येतं, जुना आकडा बदलत नाहीत. चौकटीत तारीख लिहिली आहे. त्या तारखेला विलास आजारी होता, म्हणून तो चौदांत आहे.

त्याने कात्रण उचलून तारीख वाचली. ओठ हलवत, हळूहळू.

“म्हंजे ह्या आकड्यात तो जिताच राहीन?”

“हो.”

“कवाबी वाचला तरी?”

“कधीही.”

त्याने कात्रणाची जुन्या घड्यांवरूनच घडी घातली आणि ते खिशात ठेवलं.

“मंग राहू द्या,” तो म्हणाला.